बोल्ट तुटू द्या: ट्रॅक्टरमागच्या स्नो ब्लोअरची घरच्या घरी दुरुस्ती

आमच्याकडे रविवारचा जाडजूड पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चालत्या गाडीतून भिरकावला जातो. रात्रीत त्यावर फूटभर बर्फ पडला की तो दिसेनासा होतो आणि थंडीने त्याचा ओंडका होतो. पाच हिवाळ्यांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी तो ओंडका माझ्या स्नो ब्लोअरमध्ये, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या बर्फ फेकणाऱ्या यंत्रात, गेला. ‘खट्’ असा आवाज झाला, शिअर बोल्ट, म्हणजे जास्त जोर आला की आधी स्वतः तुटून गिअर वाचवणारा बोल्ट, तुटला आणि बर्फ ओढणारा ऑगर थांबला. इथपर्यंत यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं.

चुकलो मी. जास्तीचे शिअर बोल्ट संपले होते. डब्यात धुंडाळल्यावर त्याच मापाचा एक बोल्ट मिळाला, डोक्यावर सहा रेघा असलेला, म्हणजे कडक, हायटेन. तोच ठोकून बसवला. पंधरा मिनिटांत शेजाऱ्यांच्या कुत्र्याची साखळी ऑगरमध्ये गुंतली. या वेळी बोल्ट शाबूत राहिला आणि गिअरबॉक्समधल्या गिअरचे तीन दात गेले.

सांगलीकडे थोरला भाऊ शेती करतो. व्हिडिओ कॉलवर त्याला दात नसलेला गिअर दाखवला, तर आधी पोटभर हसला. मग म्हणाला, “रोटरला कधी हायटेन बोल्ट घालत्यात व्हय रं? साधा एमएस घालायचा. मोडला की दुसरा घालायचा. वीस रुपयाचा बोल्ट राखलास न् गिअर घालवलास.”

रोटाव्हेटर सांभाळलेल्या माणसाला स्नो ब्लोअर शिकवावा लागत नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणारा पीटीओ शाफ्ट तोच, त्याच्या टोकांच्या वाकणाऱ्या जॉइंटमधले क्रॉस तेच, शिअर बोल्ट आणि चेनही तीच. फक्त मातीच्या जागी बर्फ, आणि हात सुन्न पडलेले. बफेलो, सिरॅक्यूज, ऑन्टॅरिओ, मिशिगन, मिनेसोटा अशा भागात दोन-तीन एकर जागा आणि लांब ड्राइव्हवे घेऊन बसलेली बरीच मराठी घरं आहेत. हे सगळं त्यांच्यासाठी. मी राहतो बफेलोच्या दक्षिणेला. लेक ईरीवरून लांबवर वाहत आलेला थंड वारा पाणी उचलतो आणि आमच्या डोक्यावर ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये जवळच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात सहा फुटांच्या वर बर्फ पडला. अशा वेळी मेकॅनिकला फोन करून उपयोग नसतो, तो स्वतःच बर्फात अडकलेला असतो.

यंत्र कसं चालतं

क्युबेकच्या आर्थर सिकार या माणसाने १९२५ मध्ये स्वतःच्या इंजिनावर चालणारा स्नो ब्लोअर तयार केला. कल्पना त्याला मळणी यंत्रावरून सुचली होती. यंत्राच्या तोंडाकडे पाहिलं तर नातं लगेच कळतं. पुढचा आडवा मोठा स्क्रू, म्हणजे ऑगर, दोन्ही बाजूंचा बर्फ मधे ओढतो. त्याच्या मागे जाड पात्यांचा पंखा असतो, तो इंपेलर. तो बर्फ वरच्या नळकांड्यातून, म्हणजे च्यूटमधून, बाहेर भिरकावतो. ऑगर सावकाश फिरतो, इंपेलर वेगात. छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे आहे.

ताकद पीटीओ शाफ्टमधून गिअरबॉक्समध्ये येते. माझ्या यंत्रात तिथून एक वाट सरळ इंपेलरला जाते, दुसरी आडव्या शाफ्टने बाजूला जाऊन चेनमार्गे ऑगरला. काही यंत्रांत चेन नसते. ऑगरच्या मधोमध वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारख्या दांड्याने गिअर फिरवणारा) असतो आणि त्यात बहुधा गनमेटलचा, म्हणजे काशासारख्या पिवळसर धातूचा, गिअर. तुमचं यंत्र कोणत्या जातीचं आहे ते आधी पाहून घ्या, कारण शिअर बोल्ट कुठे आणि किती, हे त्यावर ठरतं. चेनच्या यंत्रात तो बहुतेक वेळा ऑगरच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चाकावर, असतो आणि कधी आणखी एक पीटीओ शाफ्टच्या टोकाला. वर्म गिअरबॉक्सच्या यंत्रात ऑगरच्या दोन्ही अर्ध्यांवर एकेक असतो.

हात घालण्याआधी

पीटीओ बंद. इंजिन बंद. चावी खिशात. मग सगळं फिरायचं थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं.

च्यूट तुंबलं तर हात घालायचा नाही, लाकडी दांडका घालायचा. अडकलेल्या यंत्रात इंजिन बंद असूनही ताण साठलेला असू शकतो. बर्फ मोकळा झाला की पातं झटका देतं, आणि बोट जायला एवढा झटका पुरतो. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. मफलरचं टोक किंवा जॅकेटची लोंबती नाडी शाफ्टमध्ये गेली तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. मळणीच्या हंगामात पदर, धोतर किंवा उपरणं गुंतून झालेले अपघात गावाकडे सगळ्यांनी ऐकलेले असतात. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं असेल तर बाकी सगळी कामं बाजूला ठेवून ते आधी बदला.

खालून काम करायचं असेल तर यंत्र हायड्रॉलिकच्या भरवशावर लटकत ठेवू नका. जाड लाकडी ठोकळ्यांवर बसवा. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक चालत नाहीत, ते न सांगता फुटतात.

ऑक्टोबर: पीटीओ शाफ्ट

जमीन गोठायच्या आधी, ऊन असलेला एखादा शनिवार यासाठी राखून ठेवा. सुरुवात शाफ्टपासून करा.

शाफ्ट काढा आणि आतली-बाहेरची नळी वेगळी करा. जुनं काळं ग्रीस पुसून नवं लावा. या नळ्या सहज सरकल्या पाहिजेत. नाही सरकल्या तर यंत्र वर उचलताना शाफ्ट आखूड होत नाही आणि सगळा जोर ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर जातो. शाफ्ट नवा असेल किंवा ट्रॅक्टर बदलला असेल तर लांबी तपासल्याशिवाय चालवू नका. यंत्र सावकाश वर-खाली करून शाफ्ट सगळ्यात आखूड कुठे होतो ते पाहा. तिथेही नळी टेकायच्या आधी निदान २५ मिमी जागा उरली पाहिजे. सगळ्यात लांब होतो तिथे नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश तरी राहिल्या पाहिजेत. कापायची वेळ आली तर आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही कव्हरं सारख्याच मापाने कापा, आणि कापलेल्या कडा कानशीने घासून घ्या. परत जोडताना नळ्यांच्या दोन्ही टोकांना क्रॉस धरणाऱ्या योकचे (दोन कानांच्या बेचक्याचे) कान एका रेषेत आहेत ना, ते बघा. नव्वद अंशांनी चुकले तर शाफ्ट थरथरतो, आणि माणूस महिनाभर बेअरिंगला शिव्या देत बसतो.

आता क्रॉस. शाफ्ट हातात धरून जॉइंट चारही बाजूंना वाकवून बघा. कुठे अडखळला किंवा क्रॉसच्या टोकावरच्या टोपणाभोवती विटकरी रंगाची भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत. त्याला ग्रीस मारून आता फायदा नाही, क्रॉस बदला. टोपणं अडकवून ठेवणाऱ्या चारही कड्या, म्हणजे सर्क्लिप, काढा. एका टोपणाच्या मागे लहान सॉकेट आणि समोरच्या टोपणावर मोठं सॉकेट धरून वाइसमध्ये दाबा. लहान सॉकेट ढकलतं, आणि समोरचं टोपण मोठ्या सॉकेटमध्ये बाहेर येतं. नवं टोपण बसवण्याआधी आत बोट फिरवून सगळ्या सुया उभ्या आहेत ना, ते पाहा. एक जरी आडवी पडली तर टोपण पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही. तेव्हा हातोडीने ठोकायचा मोह होतो. ठोकू नका. टोपण काढा, पडलेली सुई ग्रीस लावून उभी करा आणि पुन्हा बसवा. मी पहिल्यांदा ठोकलं होतं. त्या क्रॉसने एक हिवाळाही काढला नाही.

तुमच्या शाफ्टला शिअर बोल्टऐवजी स्लिप क्लच (जास्त जोर आला की घसरणारा) असेल तर त्याच्या चकत्या उन्हाळ्यात गंजून एकमेकींना चिकटतात. बाहेरून क्लच नवाकोरा दिसतो, पण घसरत नाही, म्हणजे संरक्षण शून्य. प्रत्येक स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवा. चकत्यांच्या कडेवर खडूने एक आडवी रेघ मारा. सगळे नट सारखेच ढिले करा. यंत्र जोडून पीटीओ दोन-तीन सेकंदच चालू करा आणि बंद करा. रेघ तुटून सरकलेली दिसली म्हणजे क्लच सुटला. मग नट आवळून स्प्रिंगा मूळ लांबीवर आणा. रेघ जागची हलली नाही तर क्लच खोलून चकत्या घासून काढाव्या लागतात.

शिअर बोल्ट, आणि तो निरुपयोगी करणारा गंज

बोल्टच्या डोक्याकडे बघायची सवय लावून घ्या. इंची बोल्टवर काहीच रेघ नसेल तर तो साधा, ग्रेड २. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५. सहा म्हणजे ग्रेड ८, आपल्याकडच्या भाषेत पक्का हायटेन. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असा आकडाच कोरलेला असतो. काही यंत्रांना ग्रेड २ लागतो, काहींना ग्रेड ५. म्हणजे सगळीकडे मऊ बोल्ट घालणंही बरोबर नाही, उगाच दर दहा मिनिटांनी तुटत राहतो. यंत्राच्या पुस्तकात जो दिला आहे तोच घ्या. दहा-बारा एकदम आणा. त्यातले चार, नटांसकट, ट्रॅक्टरवरच्या डब्यात ठेवा, सोबत दोन पाने, एक पंच आणि एक हातोडी. अंधारात, उणे पंधरामध्ये, गॅरेजपर्यंत चालत जाऊन पाना शोधणं किती लांबचं काम आहे, हे एकदा केल्यावर कळतं.

खरा घोटाळा मात्र गंजामुळे होतो आणि तो बाहेरून दिसत नाही. स्प्रॉकेटची हब, म्हणजे त्याचा मधला भोकाचा भाग, ऑगरच्या शाफ्टवर मोकळी बसलेली असते आणि दोघांना फक्त शिअर बोल्ट जोडतो. बोल्ट तुटला की हब शाफ्टवर नुसती फिरत राहावी, अशी योजना आहे. पण आत पाणी आणि मीठ शिरून हब शाफ्टला धरून बसली तर बोल्ट तुटूनही ऑगर फिरतच राहतो. मग पुढच्या दगडाला गिअर जातो.

तपासायला पाच मिनिटं लागतात. शिअर बोल्ट काढा आणि ऑगर हाताने फिरवा. चेन आणि स्प्रॉकेट जागेवर थांबून ऑगर एकटा फिरला तर सगळं ठीक. दोन्ही बरोबर फिरले तर हब धरलेली आहे. वर्म गिअरबॉक्सवाल्यांनी दोन्ही बाजूंचे बोल्ट काढून ऑगरचा प्रत्येक अर्धा आतल्या शाफ्टवर सुटा फिरतो का ते पाहावं.

धरलेली हब सोडवायला घाई कामाची नाही. गंज सोडवणारं तेल मारा आणि एक रात्र तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) असेल तर ग्रीसगनने दाब द्या. कधी कधी ग्रीसच्या दाबानेच गंजाचा थर तुटतो आणि कडेने लाल-तपकिरी राड बाहेर येते. ती राड बघून जो आनंद होतो तो कुणाला सांगता येत नाही. मग ऑगरला लाकडाचा टेकू देऊन स्प्रॉकेट साखळी पान्याने पुढे-मागे हलवत राहा. एकाच दिशेने जोर लावू नका. शेवटचा उपाय गॅसच्या दिव्याने हब गरम करण्याचा. त्याआधी तेल-ग्रीस पुसून घ्या आणि सील-बेअरिंग जवळ नाहीत याची खात्री करा. सुटल्यावर शाफ्ट पॉलिश पेपरने घासा, भरपूर ग्रीस लावून जोडा, आणि हिवाळ्यात दर आठ-दहा तासांच्या कामानंतर त्या निपलला ग्रीस द्या. कुठे निपलच नसेल तर दरवर्षी बोल्ट काढून त्या भोकातून तेल सोडा.

योग्य ग्रेडचा बोल्ट असूनही सारखे तुटत असतील तर भोक बघा. गोल भोक लांबट झालं असेल तर बोल्टला प्रत्येक फेरीत ठोके बसतात. नटही घट्ट हवा, ढिला बोल्ट हळूहळू कापला जातो. लांबट भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडून घ्या. मोठं भोक पाडून जाड बोल्ट घालणं म्हणजे पुन्हा माझीच चूक करणं.

गिअरबॉक्स

ऑइलच्या लेव्हलचा बोल्ट खोला. यंत्र सपाट जागेवर असताना ऑइल त्या भोकाच्या काठाशी हवं. बहुतेक गिअरबॉक्समध्ये ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल चालतं. पण गनमेटलचा गिअर असेल तर पुस्तकात सांगितलेलंच घाला, काही गिअर ऑइलमधली रसायनं त्या धातूला सोसत नाहीत. काही छोट्या बंद गिअरबॉक्समध्ये ऑइल नसतंच, पातळ ग्रीस असतं.

बाहेर आलेलं ऑइल बोटावर घेऊन बघा. चहासारखं दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. ते पाणी गोठलं तर गिअरही जाम होतो आणि सीलही फाटतं. सगळं काढा, थोडं स्वच्छ ऑइल घालून हाताने फिरवा, तेही काढा, मग भरा. पिवळसर चमचम दिसली तर गनमेटलचा गिअर झिजतोय. लोखंडाचे कण लोहचुंबकाला लागतील. बारीक भुकटी चालते, टोकदार तुकडा चालत नाही.

सील गळत असेल तर लगेच नवं आणू नका. आधी गिअरबॉक्सवरचा हवा सुटण्याचा बारीक प्लग साफ करा. तो पेंट किंवा मळाने बुजला की आत दाब वाढतो आणि चांगलं सीलही गळतं. सील बदलताना शाफ्टवर नखाने चाचपा. जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सील दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर बसवा, म्हणजे त्याची ओठाची कड कोऱ्या जागेवर येते.

गिअर बदलण्याचं काम मी स्वतः केलं आणि निभावलं, पण एका गोष्टीने घाम फोडला. बेअरिंगमागे पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. दोन गिअर एकमेकांत किती खोल बसतील ते या चकत्या ठरवतात. काढताना कोणत्या बाजूला किती होत्या, हे फोटो काढून आणि चिकटपट्टीवर लिहून ठेवा. मी सगळ्या एकाच वाटीत टाकल्या होत्या. नंतर तीन संध्याकाळ एकेक चकती इकडची तिकडे करत होतो. शेवटी हाताने फिरवल्यावर गिअर कुठेही न अडकता, अगदी किंचित खेळ ठेवून फिरले, तेव्हा झाकण लावलं.

चेन

चेनवर फार वेळ घालवायला नको. कव्हर काढा आणि मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबली तर ताण ठीक. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला हुकासारखे वळलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर मरते. दोन्ही स्प्रॉकेटना सरळ पट्टी लावून ते एका रेषेत आहेत ना, ते पाहा. तेल लावून कव्हर बंद करा.

इंपेलर

इंपेलर हाताने फिरवा आणि कान द्या. खरखर आली तर बेअरिंग गेलं. पातं धरून पुढे-मागे हलवा, टकटक वाजलं तरी बेअरिंगच. बेअरिंगला शाफ्टवर घट्ट धरणारा लॉकिंग कॉलर आणि त्याचा स्क्रू तपासा, तो सैल झाला की शाफ्ट बेअरिंगच्या आत फिरून स्वतःच झिजतो. पात्यांच्या बुडाशी जिथे वेल्डिंग आहे तिथे तारेचा ब्रश मारून केसासारखी चीर शोधा. वाकलेलं पातं सरळ करता येतं. चीर गेलेलं पातं तसंच चालवू नका, सेकंदाला नऊ फेरे घेताना सुटलेला लोखंडी तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

ओल्या बर्फाने, म्हणजे मार्चमधल्या त्या भिजलेल्या खिचडीने, च्यूट सारखं तुंबत असेल तर पात्याचं टोक आणि पत्र्याच्या गोल भिंतीतलं अंतर मोजा. माझ्याकडे ते १२ मिमी होतं. तेवढ्या फटीत ओला बर्फ नुसता चेपला जातो, फेकला जात नाही. जुन्या कन्व्हेयर बेल्टचा, आत कापडाचे थर असलेला, जाड रबर घ्या. प्रत्येक पात्याच्या टोकाला एकाच मापाचा तुकडा, वर लोखंडी पट्टी ठेवून, दोन बोल्ट आणि लॉकनटांनी बसवा. रबर भिंतीला जेमतेम टेकलं पाहिजे. सगळे तुकडे सारख्याच वजनाचे हवेत, नाहीतर यंत्र दणके देतं. बसवून झाल्यावर हाताने पूर्ण एक फेरी फिरवा. कुठेही अडलं तर चाकूने तासा. एका दुपारच्या या कामाने माझ्या यंत्रात जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेच पडला नाही.

तळपट्टी, शू आणि च्यूट

ऑगर ज्यात फिरतो त्या पत्र्याच्या डब्याच्या खालच्या कडेला बोल्टने लावलेली लोखंडी पट्टी झिजण्यासाठीच असते. बहुतेक पट्ट्या उलटून दुसऱ्या कडेने वापरता येतात. ती पूर्ण झिजू दिली तर पुढे डब्याचा पत्रा झिजतो, आणि तो बदलता येत नाही. गंजलेले बोल्ट सोडवत बसू नका, ग्राइंडरने डोकी उडवा आणि नवे घाला.

बाजूचे शू, म्हणजे जमिनीवर घसरणारे लोखंडी पाय, यंत्राची उंची ठरवतात. डांबरी ड्राइव्हवे असेल तर पट्टी आणि जमीन यात तीन-चार मिमी पुरे. खडीचा असेल तर इंचभर ठेवा. दोन्ही बाजूंना पट्टीखाली सारख्याच जाडीच्या फळ्या सरकवायच्या, शू जमिनीला टेकवायचे आणि बोल्ट आवळायचे. खडीच्या ड्राइव्हवेवर मोसमाच्या पहिल्या एक-दोन बर्फांना यंत्र अजूनच उचलून चालवा. वर दोन इंच चेपलेला थर राहू द्या. तो गोठला की खडी खाली बंदिस्त होते, आणि नंतर शेजाऱ्याच्या गाडीची काच फुटत नाही.

च्यूटची आतली बाजू गुळगुळीत असली पाहिजे. गंज घासून काढा, रंग द्या, वर मेण किंवा सिलिकॉनचा स्प्रे. च्यूट फिरवणाऱ्या गिअरला आणि रिंगला ग्रीस. हायड्रॉलिकने फिरत असेल तर पाइप बघा, पण गळती हाताने चाचपू नका. सुईएवढ्या भोकातून दाबाखाली येणारं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा.

बर्फ पडायला लागल्यावर

नोव्हेंबरात, जमीन ठोकता येते आहे तोवर, ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना चमकत्या पट्टीच्या काठ्या रोवून घ्या. बागेचा पाइप, पायपुसणी, मुलांचे ढकलगाडे, सगळं आत न्या. पेपर मी बंदच केला.

ट्रॅक्टरला हिवाळी डिझेल भरा, उन्हाळ्यातलं डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. सकाळी इंजिन दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या, हायड्रॉलिक ऑइललाही तेवढा वेळ लागतो. पीटीओ कमी वेगावर जोडा, मग इंजिन ५४० च्या खुणेपर्यंत चढवा आणि तिथेच ठेवा. बर्फ जड लागला तर गिअर कमी करा, इंजिन नाही. इंपेलरचा वेग पडला की च्यूट तुंबलंच. पीटीओ चालू असताना यंत्र फार वर उचलू नका, शाफ्टचा कोन वाढून क्रॉस कडकड वाजायला लागतात. मागच्या यंत्राला सगळं काम रिव्हर्समध्ये. ऑगर बर्फाकडे, मान मागे. दोन तासांनी मानेचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

रस्ता साफ करणारा गावाचा ट्रक तोंडाशी जो ढिगारा टाकून जातो, तो मीठ आणि गोळे मिसळलेला असतो. तो गोठायच्या आत, अर्ध्या रुंदीचे घास घेत काढा. तो उचलून परत रस्त्यावर फेकू नका, न्यू यॉर्क राज्यात तसं करायला कायद्याने मनाई आहे.

एक साधी गोष्ट मला तीन हिवाळे कळली नव्हती. गरम गॅरेजमधून काढलेलं यंत्र लगेच बर्फात घातलं की कोमट पत्र्यावर बर्फ वितळतो आणि मग थिजून च्यूटला चिकटतो. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. काम झाल्यावर दोन मिनिटं रिकामं चालवून आतला बर्फ झटका, आणि यंत्र फळ्यांवर उतरवा. ओल्या जमिनीवर ठेवलं तर सकाळी ते जमिनीला धरलेलं असतं.

एप्रिल

गोड्या पाण्याने मीठ धुवा. बेअरिंग आणि सीलवर थेट जोराचा फवारा नको. उन्हात वाळू द्या. रंग उडालेल्या जागी ब्रशने रंग, सगळ्या निपलांना ग्रीस, चेनला तेल. हायड्रॉलिक सिलिंडरचा उघडा दांडा आत घ्या किंवा ग्रीसने माखा. यंत्र छपराखाली, ठोकळ्यांवर ठेवा. ताडपत्रीत गुंडाळून उघड्यावर ठेवलेलं यंत्र आतून घामाने गंजतं.

स्लिप क्लच असेल तर स्प्रिंगा ढिल्या करून ठेवा, आणि एका चिठ्ठीवर ‘क्लच ढिला आहे’ असं लिहून, खाली स्प्रिंगची मूळ लांबी घालून, ती चिठ्ठी ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला तारेने बांधा. ऑक्टोबरपर्यंत आपल्याला काहीही आठवत नसतं.